टाकळ्याचा अर्क प्लेटवर बुरशी थांबवतो, मग तो गजकर्णाचे औषध का ठरत नाही?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमच्या आजी गजकर्णावर टाकळ्याचे बी ताकात वाटून लावत आणि ते बरे होत असे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही त्याच बियांचा मेथॅनॉलमध्ये अर्क काढला. गजकर्ण करणारी ट्रायकोफायटॉन बुरशी पसरलेल्या अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर अर्क भरलेल्या छिद्राभोवती १८ मिलिमीटर व्यासाचा स्वच्छ झोन, म्हणजे बुरशी न वाढलेले वर्तुळ, मिळाला. असे असूनही त्वचारोगतज्ज्ञ हे औषध का देत नाहीत आणि पुढे नेमके काय तपासावे, हे तुम्हाला हवे आहे.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या बुरशी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे आणि असे झोन पाहून उजळलेले विद्यार्थ्यांचे चेहरे अनेकदा पाहिले आहेत. तो आनंद खोटा नसतो. परंतु त्या झोनचा अर्थ एवढाच असतो की अर्कातील कोणत्या तरी घटकाने, त्या मात्रेत, त्या ओल्या अगारमध्ये, त्या एका बुरशीची वाढ रोखली. घटक कोणता, मात्रा किती आणि अगारऐवजी माणसाची कातडी असती तर काय झाले असते, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. तुमच्या आजींचा अनुभव खोटा होता असेही मी म्हणत नाही. उलट टाकळ्याच्या बाबतीत त्या अनुभवामागे एक खरा रेणू आहे, आणि तो रेणू औषध म्हणून एकदा पूर्ण प्रवास करून आलेला आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या प्रवासातच असल्यामुळे आधी तो सांगते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि गोव्याच्या बाजारांत नायट्यावर, म्हणजेच गजकर्णावर, एक पिवळसर-तपकिरी चूर्ण विकले जात असे. ते लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून लावत आणि गोव्यातून येत असल्यामुळे इंग्रज त्याला ‘गोवा पावडर’ म्हणत. मुंबईतील केम्प या औषधविक्रेत्याने १८६४ मध्ये इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले आणि १८७४ मध्ये जोसेफ फेरर या डॉक्टरांनी नायट्यावरील त्याच्या उपयोगाबद्दल लिहिले. ते वाचून ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या लक्षात आले की हे तर आपल्याकडचे ‘अरारोबा’, म्हणजे तिथल्या एका जंगली वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साठणारे चूर्ण. पोर्तुगीज जहाजांनी ते गोव्यात आणले होते. गोव्याच्या नावाने प्रसिद्ध झालेले औषध गोव्यात उगवतच नव्हते. वनस्पतीची ओळख आधी पक्की करा असे मी विद्यार्थ्यांना सांगते, तेव्हा हे उदाहरण हमखास देते.

त्या चूर्णाचे रासायनिक पृथक्करण झाल्यावर त्यातून क्रायसारोबिन मिळाले. त्याचा मुख्य घटक म्हणजे क्रायसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोन, त्या आम्लाचेच ऑक्सिजन कमी असलेले रूप. आता टाकळ्याकडे या. १९७५ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी टाकळ्याच्या बियांतील बुरशीविरोधी मुख्य घटक वेगळा केला, तेव्हा तोही क्रायसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोनच निघाला. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांच्या कडेला माजणारे, कोकणात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात ते झुडूप आणि ब्राझीलच्या जंगलातील तो प्रचंड वृक्ष, दोघांच्या पोटी एकच रेणू. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात तसेच दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा, अर्थात नायट्याचा, नाश करणारा, असेही म्हणतात. हे नाव ज्यांनी ठेवले त्यांचे निरीक्षण अचूक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग हे औषध नायट्यावर टिकले का नाही? क्रायसारोबिनने कातडी आणि कपडे गडद तपकिरी-जांभळे होत, भोवतालची निरोगी कातडी भाजल्यासारखी लाल होई आणि चुकून हात डोळ्याला लागला तर डोळ्याला गंभीर इजा होई. दरम्यान १८७८ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी त्याचा सोरायसिसवर उपयोग असल्याचे दाखवले, पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, जर्मनीत त्याच रेणूची थोडी बदललेली कृत्रिम आवृत्ती वापरात आली आणि ती पुढे डिथ्रानॉल या नावाने सोरायसिसचे मान्य औषध झाली. नायट्यासाठी मात्र १९५८ नंतर पोटातून घेण्याचे ग्रिसिओफल्विन आले, त्यानंतर अ‍ॅझोल गटातील मलमे आली आणि टर्बिनाफिन आले. कातडी न भाजता बुरशी मारणारी औषधे मिळाल्यावर भाजणारे औषध मागे पडले. म्हणजे टाकळ्यातील घटकाकडे कोणी पाहिलेच नाही असे नाही. त्याची परीक्षा झाली, त्याचा दोष कळला आणि गुण दुसऱ्या रोगासाठी कामाला आला.

आता तुमच्या प्लेटकडे वळू. तुम्ही लिहिले आहे की १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेचा अर्क १०० मायक्रोलिटर छिद्रात भरला. म्हणजे एका छिद्रात १० मिलिग्रॅम, अर्थात १०,००० मायक्रोग्रॅम अर्क गेला. फ्लुकोनाझोलच्या प्रमाणित चकतीत २५ मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे वजनाने ४०० पट माल ओतून मिळवलेल्या झोनची तुलना त्या चकतीच्या झोनशी करता येत नाही, आणि तरीही असंख्य प्रबंधांत ती शेजारी-शेजारी मांडलेली असते. दुसरी अडचण झोनच्या व्यासातच आहे. पाण्यात सहज विरघळणारा लहान रेणू अगारमध्ये दूरवर पसरतो, तर तेलकट किंवा मोठा रेणू छिद्राच्या काठाशीच अडकून बसतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्याचा लहान झोन म्हणजे दुर्बळपणा नव्हे, आणि टॅनिनने भरलेल्या सालीच्या अर्काचा मोठा झोन म्हणजे औषधीपणा नव्हे. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला बांधून टाकते, मग ते प्रथिन बुरशीचे असो वा माणसाचे.

म्हणून पुढची पायरी म्हणजे वाढ रोखणारी किमान तीव्रता, ज्याला आपण प्रयोगशाळेत एमआयसी म्हणतो, ती द्रव माध्यमात काढणे. गजकर्णाच्या बुरशींसाठी सीएलएसआय या अमेरिकी प्रमाणक संस्थेच्या एम३८ पद्धतीत आरपीएमआय १६४० हे माध्यम ७ सामूला ठेवतात, दर मिलिलिटरला १,००० ते ३,००० बीजाणू घालतात आणि ३५ अंश सेल्सिअसला चार दिवसांनी वाचन करतात. बीजाणूंची संख्या मोजल्याशिवाय ही चाचणी करू नका, कारण बीजाणू दसपट झाले की त्याच औषधाची एमआयसी वर सरकते आणि मग तुमचा आकडा दुसऱ्या कोणाच्याच आकड्याशी जुळत नाही. टाकळ्याचा अर्क स्वतःच पिवळा-लालसर असल्यामुळे गढूळपणा डोळ्यांनी ठरवणे अवघड जाईल. अशा वेळी चाचणीच्या ताटलीतील प्रत्येक खळग्यातील थेंब औषधविरहित अगारवर टाकून वाढ पाहावी. त्यातूनच बुरशी मेली की नुसती थांबली, हेही कळते, आणि हा फरक रुग्णासाठी मोठा असतो, कारण थांबलेली बुरशी लेप सुटताच पुन्हा पसरते. संवेदनशील ट्रायकोफायटॉनला टर्बिनाफिन मिलिलिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी पुरते. कच्च्या अर्काकडून एवढी अपेक्षा कोणी करत नाही, पण तो १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तरच त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे, असा या क्षेत्रातील सर्वसाधारण संकेत आहे. तुमचा आकडा ५ मिलिग्रॅम आला तर निराश होऊ नका, तो जसाच्या तसा लिहा.

कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यांबद्दल, मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझी स्वतःची मोठी चूक इथेच झाली होती. सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थिनीबरोबर मी एका सालीचा अर्क तपासत होते. झोन सुरेख येत होते आणि आम्ही दोन महिने त्यावर खर्च केले. नुसत्या द्रावकाचे छिद्र आम्ही पहिल्या प्लेटवर एकदा ठेवले होते आणि नंतर जागा वाचवण्यासाठी वगळले होते. पुढे अर्काची नवी खेप केली, तो नीट वाळवला आणि झोन नाहीसा झाला. आधीच्या खेपेत मेथॅनॉल उरले होते आणि आमची बुरशी त्यानेच थांबत होती. त्या मुलीचे दोन महिने माझ्यामुळे वाया गेले, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून प्रत्येक प्लेटवर द्रावकाचे छिद्र, ज्ञात औषधाचे छिद्र आणि काहीही न घातलेली जागा या तिन्ही गोष्टी असल्याखेरीज मी कोणाचीही प्लेट वाचत नाही. डीएमएसओ हे द्रावक वापरणार असाल तर त्याचे अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक कंट्रोल आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजी बी नुसते वाटत नव्हत्या, ताकात वाटत होत्या. ताक आंबट असते, आणि आंबटपणाचे इथे दोन अर्थ संभवतात. एक म्हणजे आम्लच थोडेफार काम करत असेल. बेन्झोइक आणि सॅलिसिलिक आम्लांचे व्हिटफिल्ड मलम याच रोगावर शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. दुसरा अर्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने अधिक गोड आहे. अँथ्रोन हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन निष्प्रभ होते आणि आम्लात ते अधिक टिकते. डिथ्रानॉलच्या मलमात सॅलिसिलिक आम्ल घालतात ते याच कारणाने. गोवा पावडरही लिंबाच्या रसात कालवली जात होती हे आठवा. ताकामुळे टाकळ्यातील अँथ्रोन टिकते, हे माझे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण ते तपासता येण्याजोगे आहे आणि तुमच्या प्रकल्पात नवे काही असेल तर ते इथेच असेल.

बुरशीविरोधी औषध शोधणे जिवाणूविरोधी औषध शोधण्यापेक्षा कठीण का, हे एकदा नीट समजून घेतले की पुढची पायरी आपोआप पटते. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी आहे, पण बुरशीची पेशी केंद्रक असलेली, आपल्यासारखीच आहे. म्हणून जे बुरशीला मारते ते आपल्यालाही इजा करण्याची शक्यता मोठी असते. आजची बहुतेक औषधे बुरशीच्या आवरणातील एर्गोस्टेरॉलवर किंवा त्याच्या निर्मितीवर घाव घालतात, कारण आपल्या आवरणात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. तुमच्या अर्काला असा भेद करता येतो का, हे मानवी त्वचापेशींवर तपासावे लागते. त्यासाठी हाकॅट ही प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या मानवी त्वचापेशींची मालिका वापरतात आणि पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडून अशा पेशीमालिका मिळू शकतात. निम्म्या त्वचापेशी मारणारी तीव्रता भागिले एमआयसी हा भागाकार १ च्या आसपास आला तर तो अर्क बुरशीइतकाच माणसालाही मारतो. ठेचलेला लसूण रात्रभर बांधून कातडी भाजलेले रुग्ण जगभर नोंदलेले आहेत, आणि लसणातील अजोइन हा घटक मात्र मलमाच्या स्वरूपात, मोजक्या प्रमाणात, पायाच्या बोटांतील बुरशीवर, म्हणजे चिखल्यांवर, उपयोगी पडल्याचे व्हेनेझुएलातील अभ्यासांत दिसले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि मग येते माणसाची कातडी. इथे ऑस्ट्रेलियातील टी ट्री तेलाच्या चाचण्या मी नेहमी सांगते, कारण त्यांच्याइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. हे तेल प्लेटवर बुरशी उत्तम थांबवते. १९९२ मध्ये चिखल्या झालेल्या १०४ रुग्णांत १० टक्के तेलाचे मलम, टोलनाफ्टेट हे नेहमीचे औषध आणि औषध नसलेले नुसते मलम यांची तुलना झाली. टी ट्री तेल लावणाऱ्यांची खाज आणि सालपटे निघणे टोलनाफ्टेटइतकेच कमी झाले. पण कल्चर केल्यावर, म्हणजे खपलीतून बुरशी वाढते का ते पाहिल्यावर, बुरशी गेलेली दिसली ती टोलनाफ्टेटच्या गटात ८५ टक्के रुग्णांत, टी ट्रीच्या गटात ३० टक्के आणि नुसत्या मलमाच्या गटात २१ टक्के रुग्णांत. रुग्णाला बरे वाटत होते आणि बुरशी तिथेच होती. पुढे २००२ मध्ये १५८ रुग्णांत तेलाचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत वाढवले, तेव्हा ६४ टक्के रुग्णांत बुरशी गेली, नुसत्या द्रावणाने ३१ टक्क्यांत गेली, आणि तेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के रुग्णांना त्वचादाह झाला. हे आकडे दोनदा वाचा अशी माझी विनंती आहे. औषध न लावताही पाचातला एक ते तिघांतला एक रुग्ण बरा होतो, म्हणून ‘मी लावले आणि बरे झाले’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि खाज थांबणे म्हणजे बुरशी जाणे नव्हे, म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये खपली तपासणे आणि कल्चर करणे, दोन्ही उपचारानंतरही करावे लागते.

वनस्पतीचा अर्क हा सगळा मार्ग चालून जाऊ शकतो का? जाऊ शकतो. टाकळ्याचाच मोठा भाऊबंद, दादमर्दन म्हणून बागांत लावलेला पिवळ्या तुऱ्यांचा सेन्ना अलाटा, फिलिपीन्समध्ये ‘अकापुल्को’ म्हणून ओळखला जातो. तिथल्या आरोग्य विभागाने मान्यता दिलेल्या दहा औषधी वनस्पतींत तो आहे आणि त्वचेच्या बुरशीसाठी त्याचे लोशन रुग्णांवर तपासून वापरात आणले गेले. ते शक्य झाले कारण पानांची जात, अर्काची पद्धत आणि लोशनमधील प्रमाण ठरवून मगच रुग्णांकडे जाण्यात आले. मात्र आज रुग्णालयात गंभीर संसर्गावर वापरली जाणारी औषधे मुख्यतः सूक्ष्मजीवांकडून किंवा रसायनशाळेतून आली आहेत, हेही खरे. सूक्ष्मजीवाकडून मिळालेले असे एक औषध आपल्याच मातीतले आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले, आणि त्या जिवाणूचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना असे आहे. पुण्याच्या परिसरातून औषध निघू शकते, एवढे तुम्हाला सांगण्यासाठी हे लिहिले.

तुमच्या प्रकल्पात मला आणखी दोन उणिवा दिसतात. बिया कोणत्या झुडपाच्या, हे तुम्ही ‘स्थानिक नावावरून’ ठरवले आहे. सेन्ना टोरा, म्हणजे टाकळा, आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया इतके सारखे दिसतात की अनुभवी लोकही फसतात. फुला-शेंगांसह फांदी वाळवून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील कार्यालयात ओळख पटवून घ्या आणि नमुन्याचा क्रमांक प्रबंधात लिहा. दुसरी उणीव बुरशीची. संग्रहातून आणलेला, वर्षानुवर्षे अगारवर वाढलेला ट्रायकोफायटॉन ही सोपी परीक्षा आहे. आज आपल्याकडे हट्टी गजकर्णाच्या मुळाशी जी बुरशी आढळते तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले, आणि तिच्या अनेक नमुन्यांत स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकरातील बदलामुळे टर्बिनाफिन चालत नाही. दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी हा प्रश्न आणखी चिघळला आहे. नवे औषध हवे आहे ते या बुरशीसाठी. तुमच्या मार्गदर्शकांनी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाशी रीतसर बोलून अशा रुग्णांतून मिळालेले दोन-तीन नमुने मिळवले तर तुमच्या कामाचे वजन पुष्कळ वाढेल.

तुम्ही ओझरते लिहिले आहे की घरातल्या एका भावंडाला गजकर्ण आहे आणि त्याच्यावर अर्क लावून पाहावा का. लावू नका. मेथॅनॉलमध्ये काढलेला अर्क कोणाच्याही कातडीवर जाता कामा नये, आणि माणसांवरील कोणतीही चाचणी नीतिसमितीच्या मान्यतेशिवाय व सीटीआरआय या देशातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंदणीशिवाय होऊ शकत नाही. भावंडाला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, खपली तपासून घ्या आणि औषध सांगितले तितके आठवडे पूर्ण करा, घरातल्या इतर कोणाला तसेच चट्टे असतील तर त्यांच्यासह.

प्रयोगाची सुरुवात मात्र मी अशी करीन. पावसाळा संपून टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की ताज्या बिया गोळा करा. त्यांचे चार भाग करा. पहिला पाण्यात वाटा, दुसरा ताकात, तिसरा ताकाइतक्याच सामूच्या लॅक्टिक आम्लाच्या द्रावणात, चौथा मेथॅनॉलमध्ये, आणि ताक व आम्लाचे द्रावण बियांशिवाय वेगळेही ठेवा. प्रत्येकातील अँथ्रोन पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा आणि त्याच दिवशी एमआयसी काढा. सगळे नमुने जिवाणूविरहित गाळणीतून गाळायला विसरू नका, नाहीतर ताकातले जिवाणूच प्लेट व्यापतील. आकडे हाती आले की, ते शून्य असले तरी, इथे जरूर लिहा. मला ते वाचायचे आहेत.